चौथा मजला, पूर्वेची गॅलरी आणि गच्चीला कुलूप

पत्र

माझं वय ५२. माहेर वाईजवळच्या एका खेड्यातलं. लहानपणी उन्हाळ्यात अंगणात अंथरुणं पडायची, थंडीत शेकोटी पेटायची, आणि दोन्ही वेळा आजोबा तारे दाखवायचे. त्यातलं आता सप्तर्षी आणि शुक्राची चांदणी एवढंच लक्षात आहे. ते पुन्हा शिकावंसं वाटतंय, पण सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे रात्रीचं घराबाहेर पडता येत नाही. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. गॅलरी पूर्वेला, स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. गच्चीला सोसायटीनं कुलूप घातलंय. ऑनलाइन दहा हजारांचा एक टेलिस्कोप बघून ठेवलाय, तो घेऊ का? मिस्टर म्हणतात, पुण्यात तारे नाहीत, एलईडी आहेत. शिवाय मी कॉमर्सची, विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. आणि एक बावळट शंका : मृग नक्षत्र लागतं जूनमध्ये, मग आजोबा मृग थंडीत कसा काय दाखवायचे?

— गच्चीची किल्ली नसलेली, कोथरूड

उत्तर

ताई,

टेलिस्कोप घेऊ नका. निदान एक वर्षभर तरी नको. हे आधीच सांगून टाकते, कारण बघून ठेवलेली वस्तू सेल लागला की आपसूक कार्टमध्ये जाते.

या किमतीच्या टेलिस्कोपच्या खोक्यावर शनीची कडी, रंगीबेरंगी दीर्घिका (म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह) आणि ‘पाचशे पट मोठं’ असं ठळक छापलेलं असतं. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपलीकडे वर्धनाला अर्थ उरत नाही. म्हणजे ७० मिलिमीटरच्या भिंगाला १४० पट म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यापुढे चित्र फक्त मोठं आणि भुरकट होत जातं. तेही तिवई दणकट असली तर. स्वस्तातली तिवई नुसता हात लागला तरी थरथरते, आणि गॅलरीत तर शेजारच्यांनी दार आपटलं की गुरू नजरेतून गायब. शिवाय त्यातून एका वेळी आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, त्यामुळे ज्याला आकाशाची ओळख नाही त्याला काही सापडतच नाही. पुण्यात कितीतरी घरांच्या माळ्यावर असे टेलिस्कोप मखराच्या थर्माकोलशेजारी पडून आहेत.

तुमच्याकडे त्याहून कामाची गोष्ट आहे, ती म्हणजे पूर्वेची गॅलरी. आकाश शिकायला फिरावं लागत नाही. रोज एकाच जागी बसायचं, तेच सगळं समोरून नेतं. आकाशदर्शनाच्या सहलीला जाणारा माणूस एका रात्रीत पन्नास तारे बघतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातले पंचेचाळीस विसरतो. तुम्ही वर्षभर रोज पंधरा मिनिटं त्याच खुर्चीत बसलात, तर दिसतील थोडे, पण जे दिसतील ते जन्मभर तुमचे.

पहिलं काम : समोरचं मोजमाप. हात पुढे ताठ करून मूठ वळा. ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. पूर्ण पसरलेली वीत साधारण २० अंश. समोरच्या इमारतीचा माथा क्षितिजापासून किती मुठींवर आहे ते मोजून वहीत लिहून ठेवा. समजा दीड मूठ निघाली, म्हणजे १५ अंश. आकाश तासाला १५ अंश सरकतं. तेव्हा कुठल्याही ताऱ्याच्या उगवण्याच्या वेळेत तास-सव्वा तास मिळवला की तो तुमच्या इमारतीवरून डोकावणार. इथे पुण्याचा एक फायदा आहे. आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत, त्यामुळे पूर्वेचे तारे फार तिरके न जाता जवळजवळ सरळ वर चढतात. लंडनच्या गॅलरीत उगवलेला तारा उजवीकडे घसरत निघून जातो, तुमचा तारा बराच वेळ समोर राहतो. गॅलरी अरुंद असली तरी चालते ती यामुळेच.

दुसरं काम दिव्यांचं. मिस्टरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कोथरूडमधून आकाशगंगेचा पट्टा दिसणार नाही, बारीक चांदण्या दिसणार नाहीत. पण चंद्र, ग्रह आणि ठळक तारे यांना एलईडी काही करू शकत नाही. आणि खरं सांगू, नवशिक्याला शहराचं आकाश सोपं जातं. गर्दी कमी, ओळखीचे चेहरे तेवढे समोर. त्रास होतो तो डोळ्यांत थेट घुसणाऱ्या दिव्याचा. त्याला उपाय कपडे वाळत घालायच्या दोरीचा : रस्त्यावरच्या दिव्याच्या रेषेत एक जाड, गडद चादर टाका. घरातला दिवा बंद, मधलं दार लोटलेलं, आणि मोबाइल आत. डोळ्यांना अंधार सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन पाहिली की ती वीस मिनिटं वाया. सासूबाईंकडे लक्ष ठेवायचं म्हणून उजेड हवाच असेल तर टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर लावा. लाल उजेडानं डोळे तितके बिघडत नाहीत.

आता तुमची शंका. ती बावळट मुळीच नाही, उलट पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. ‘मृग लागला’ म्हणजे ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात शिरला. शेतकऱ्याची सगळी पावसाळी नक्षत्रं, मृगापासून हस्तापर्यंत, ही सूर्याचा मुक्काम कुठे आहे ते सांगतात. एकेका ठिकाणी तो तेरा-चौदा दिवस असतो. सूर्य ज्या ताऱ्यांसमोर उभा आहे ते तारे त्याच्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात, म्हणजे दिवसभर डोक्यावर असूनही दिसत नाहीत. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेली की तेच तारे रात्रभर आकाशात. म्हणून जूनमध्ये मृग ‘लागतो’ आणि डिसेंबरात ‘दिसतो’. आजोबांना या दोन्ही गोष्टी ठाऊक असणार, पण पेरणी आणि शेकोटी यांचा एकमेकींशी संबंध त्यांनी कधी बोलून दाखवला नसेल.

हे एकदा कळलं की वर्षाचा नकाशा हातात आला. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. महिन्याला दोन तास. हे गणित तुम्हाला जड जाणार नाही, बँकेच्या व्याजापेक्षा सोपं आहे.

नोव्हेंबरच्या मध्याला तुमच्या गॅलरीत काय घडतं ते सांगते. साडेसहाच्या सुमाराला कृत्तिका उगवतात, साडेसातला रोहिणी, नऊला मृगातला लालसर काक्षी, आणि साडेदहाच्या आधी व्याध. यात इमारतीमुळे लागणारा तास-सव्वा तास मिळवा. म्हणजे जेवणं आटोपून, ओटा आवरून तुम्ही खुर्चीत बसाल तेव्हा कृत्तिकांचा झुबका चांगला वर आलेला असेल. शहरात तो नुसता पुसट ठिपका दिसतो. थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवली की त्यात चार-पाच तारे सुटे होतात. त्याखाली तांबूस रोहिणी. मग मृग, आणि तो उगवताना बघणं हे खरं पूर्वेच्या गॅलरीचं भाग्य आहे. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे डोक्यावर आल्यावर आडवे-तिरपे दिसतात, पण उगवताना ते जवळजवळ एकावर एक उभे असतात. त्यांच्या डाव्या हाताला तांबडा काक्षी, उजव्या हाताला निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेघ खाली वाढवली की थोड्या वेळानं तिथून व्याध वर येतो. क्षितिजाजवळ तो लाल, हिरवा, निळा असा लुकलुकतो, म्हणून बरेचजण त्याला विमान समजतात. टिळकांनी वेदांचा काळ ठरवण्यासाठी ज्याचा आधार घेतला ते मृगशीर्ष हेच. पुण्यात राहून निदान त्याची तोंडओळख तरी असायला हवी.

काक्षीवर विशेष लक्ष ठेवा. २०१९च्या अखेरीपासून २०२०च्या फेब्रुवारीपर्यंत तो इतका मंदावला, की नुसत्या डोळ्यांनी आकाश बघणाऱ्यांनाही फरक जाणवला. ताऱ्यानं बाहेर फेकलेल्या पदार्थाची धूळ झाली आणि तिनं त्याला झाकलं, असा निष्कर्ष पुढे निघाला. तेव्हा तो रोहिणीपेक्षाही फिका दिसत होता. एरवी तो रोहिणीपेक्षा ठळक असतो. दर आठवड्याला दोघांची तुलना करून वहीत एक ओळ लिहा : आज कोण ठळक? याला ना टेलिस्कोप लागतो ना विज्ञानाची पदवी. बदलत्या ताऱ्यांची अशी निरीक्षणं हौशी लोक शंभराहून अधिक वर्षं नोंदवत आले आहेत आणि शास्त्रज्ञ ती वापरतात.

आता तुमच्या भिंतीवरचं पंचांग. तुम्ही म्हणता सप्तर्षी आणि शुक्र सोडून काही आठवत नाही, पण स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत रोज एक खगोलशास्त्राची नोंद छापलेली असते आणि आपण ती फक्त मुहूर्तासाठी वाचतो. ‘आज रोहिणी’ म्हणजे आज चंद्र आकाशाच्या त्या भागात आहे. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश सरकतो आणि आकाशाच्या वर्तुळाचे २७ भाग केले की प्रत्येक वाट्याला १३ अंश २० मिनिटं येतात. म्हणून रोज एक नक्षत्र. फलज्योतिषाशी मला देणंघेणं नाही, पण हा तक्ता मात्र चोख आहे. कृत्तिका, रोहिणी, मघा, चित्रा यांच्या दिवशी चंद्राच्या आसपास शोधा. जवळचा ठळक तारा तोच. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास चंद्र कृत्तिकांपाशी असतो, दत्तजयंतीला मृगापाशी. स्वाती आणि श्रवण यांच्या दिवशी मात्र फसाल, कारण ते तारे चंद्राच्या वाटेपासून बरेच उत्तरेला आहेत; पंचांगात चंद्र स्वातीत आणि तारा तीन मुठी लांब. ते चूक नाही. विभाग समान पाडले आहेत, तारे काही समान अंतरावर बसलेले नाहीत.

आणि संकष्टी! महिन्यातून एक दिवस अख्खा महाराष्ट्र चंद्रोदयाची वेळ विचारतो. उपवास असो नसो, तुम्ही त्या दिवशी गॅलरीत असायलाच हवं. रोज त्याच खुर्चीत, डोकं त्याच जागी ठेवून, चंद्र ग्रिलच्या कितव्या गजाआडून वर आला ते बघा आणि त्या गजाला चिकटपट्टीचा तुकडा लावून वर महिना लिहा. कार्तिक-मार्गशीर्षात तो डावीकडे, ईशान्येच्या बाजूला उगवेल. वैशाख-ज्येष्ठात उजवीकडे, आग्नेयेला. वेळही हलते. शरदात साडेआठच्या आसपास सुटणारा उपवास उन्हाळ्यात दहा वाजले तरी सुटत नाही. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो हे एक कारण, आणि दुसरं असं, की चंद्राचा मार्ग पूर्व क्षितिजाला प्रत्येक ऋतूत वेगळ्या कोनात भेटतो, त्यामुळे त्याचा रोजचा उशीर सरासरी पन्नास मिनिटांचा असला तरी कधी कमी, कधी जास्त होतो. हाच खेळ सकाळच्या सूर्याशीही करा. २१ डिसेंबर आणि २१ जून यांमध्ये सूर्योदयाची जागा क्षितिजावर जवळजवळ ५० अंश, म्हणजे पाच मुठी सरकते. उत्तरायण म्हणजे काय, हे चिकटपट्ट्यांच्या रांगेत दिसतं. मिस्टर गजांवरच्या चिकटपट्ट्यांबद्दल कुरकुर करतील, करू द्या.

स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकीही वाया नाही. अमावास्येनंतरच्या दोन-तीन संध्याकाळी कुकर लावता लावता तिथे चंद्राची कोर दिसेल. नीट बघितलंत तर कोरीखेरीजचा काळा भागही अंधूक उजळलेला असतो. तो उजेड आपला, पृथ्वीवरून परतलेला. शुक्र संध्याकाळचा असेल तेव्हा तोही तिथेच.

वर्षभरानंतर, किंवा फारच हात शिवशिवत असतील तर थोडं आधी, त्या दहा हजारांतून बायनॉक्युलर घ्या. १० × ५० किंवा ७ × ५० असं लिहिलेला. पहिला आकडा कितीपट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ‘झूम’वाले आणि पुढची भिंगं लाल चमकणारे टाळा. दुकानात जाऊन, हातात धरून, लांबची पाटी वाचून मगच घ्या. दोन नळ्यांतली चित्रं जुळत नसतील तर डोकं दुखतं आणि मग तोही माळ्यावर जातो. हात थरथरतातच, म्हणून कोपरं कठड्यावर टेकवा, किंवा फरशी पुसायच्या मॉपची दांडी उभी धरून तिच्यावर बायनॉक्युलर टेकवा. हसू येईल, पण फरक लगेच कळेल. त्यातून काय दिसेल? चंद्रावरची विवरं, तीही पौर्णिमेला नव्हे, अष्टमीच्या आसपास. उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या रेघेवर. कृत्तिकांत एकदम डझनभर तारे. बाणाच्या खाली पुसट धुरासारखा मृगातला तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा, जिथे नवे तारे जन्मतायत. आणि गुरूच्या दोन्ही बाजूंना ओळीत त्याचे चंद्र, चारपैकी त्या वेळी जे दिसतील ते. रोज त्यांची जागा वहीत ठिपक्यांनी काढा. सगळ्यात आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो, त्यामुळे रोज चित्र नवं. गॅलिलिओनं १६१० साली हेच केलं होतं. शनीची कडी मात्र या बायनॉक्युलरमधून दिसणार नाहीत, तेवढं मनाला आधीच सांगून ठेवा.

एक गोष्ट रागावून सांगते : पूर्वेच्या गॅलरीत सकाळी बायनॉक्युलर कठड्यावर विसरायचा नाही, आणि सूर्याकडे तर तो कधीच, क्षणभरही रोखायचा नाही. डोळा जातो. परत येत नाही.

सूर्य बघायची वेगळी युक्ती आहे आणि ती तुमच्यापेक्षा सासूबाईंसाठी आहे. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवा, त्याला मधोमध पाचेक मिलिमीटरचं गोल भोक पाडा. सकाळी उन्हात गॅलरीच्या खुर्चीवर तो असा ठेवा, की कवडसा घरातून त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर पडेल. कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा. खोलीत पडदे ओढा. आरशापासून भिंत सहा मीटरवर असेल तर साडेपाच सेंटिमीटरचा गोल दिसेल. ते भोकाचं नाही, सूर्याचं चित्र. खात्री करायची तर भोक चौकोनी पाडून बघा, चित्र गोलच येतं. आणि तो गोल भिंतीवर हळूहळू सरकतो, तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. २ ऑगस्ट २०२७ला पुण्यातून सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास, दुपार उतरल्यावर. ऑगस्टातले ढग मेहेरबान झाले तर तेव्हा ऊन पश्चिमेचं असेल, त्यामुळे आरसा स्वयंपाकघराच्या खिडकीत. सासूबाईंनाही विचारत जा. त्या वयाच्या बायकांकडे ताऱ्यांची गावाकडची नावं आणि गोष्टी असतात, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

गच्चीबद्दल. कुलूप चोरीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी, कॉलेजच्या पोरांसाठी असतं, तुमच्यासाठी नव्हे. कमिटीकडे कायमची किल्ली मागू नका, मिळणार नाही. एका रात्रीची मागा. कोजागरीला दूध आटवायला गच्ची उघडतेच ना? तारे बघायला ती वर्षातली सगळ्यात वाईट रात्र, पण कोणाची हरकत नसते. त्याच धर्तीवर, १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात, सोसायटीतल्या मुलांना दाखवू या, असा अर्ज लिहून सेक्रेटरींना द्या आणि नोटीस बोर्डावर लावायचा कागदही स्वतःच टाइप करून द्या. उल्का शहरातून मोजक्याच दिसतील, त्याही चंद्र नसेल त्या वर्षी. पण सतरंजीवर पाठ टेकून पडलेल्या मुलाला एक ठळक उल्का पुरते, आणि पुढच्या वेळी अर्ज तीच मुलं लिहितात. फेब्रुवारीच्या मध्याला परत परवानगी मिळाली तर रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडे एक वीत उंचीवर ध्रुव बघा आणि मग गर्रकन वळून दक्षिणेला जवळजवळ तेवढ्याच उंचीवर अगस्ती. दोघंही साडेअठरा-एकोणीस अंशांवर. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. पुण्याची जागा आकाशात मोजता येते ती अशी.

तासभर जरी सासूबाईंजवळ मिस्टर बसले तर हे सगळं होतं. त्यांचा विरोध वितळवायला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कामाला येतं. ते सुमारे ४०० किलोमीटरवरून दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं आणि काही पहाटे-संध्याकाळी पुण्यावरून जाताना शुक्रासारखं ठळक दिसतं. नासाची ‘स्पॉट द स्टेशन’ ही मोफत सेवा वेळ आणि दिशा कळवते. सांगितलेल्या मिनिटाला समोरून न लुकलुकता जाणारा ठिपका आणि त्यात बसलेली माणसं, हे बघून पुरुषमाणसं एकदम तज्ज्ञ होतात.

उरले पावसाळ्याचे चार महिने. जून ते सप्टेंबर पुण्यात आकाश शिकायचं नाव काढू नये; ती वेळ संगणकाची. ‘स्टेलॅरियम’ हा मोफत प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्या, जागा पुणे निवडा आणि तारीख मागेपुढे करत बसा. जूनची दुपार लावून त्यातलं वातावरण बंद केलं की सूर्याच्या मागे मृग उभा दिसेल. तुमच्या शंकेचं उत्तर डोळ्यांनी बघायला मिळेल.

आणि कॉमर्सचं म्हणाल तर नेदरलँड्समधल्या एका शाळाशिक्षिकेची गोष्ट सांगते. ‘गॅलक्सी झू’ हा उपक्रम २००७ साली सुरू झाला. दुर्बिणींनी टिपलेल्या लाखो दीर्घिकांच्या फोटोंची वर्गवारी घरबसल्या लोकांनी करायची. हॅनी व्हॅन आर्केल या बाईंना त्याच वर्षी एका दीर्घिकेशेजारी एक विचित्र डाग दिसला, त्यांनी विचारलं हे काय, आणि तज्ज्ञांनाही ते आधी सांगता येईना. निघाला तो वायूचा प्रचंड ढग, शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी आलेल्या प्रखर उजेडानं पेटलेला. आज त्या वस्तूला त्यांचंच नाव आहे. सासूबाई दुपारी झोपल्या की अशा वीस दीर्घिका बघून होतात. आपल्याकडेही ‘रॅड ॲट होम’ हा २०१३पासूनचा उपक्रम आहे, ज्यात सामान्य लोक नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं वापरायला शिकतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण आपल्यापासून ८० किलोमीटरवर आहे आणि निम्म्या पुण्यानं ती फक्त नाशिकला जाताना लांबून पाहिलीये.

त्या मानानं हे शहर या बाबतीत श्रीमंत आहे. १८८८ साली इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वेधशाळा उभारली. तिची २० इंची दुर्बीण तेव्हा देशातली सगळ्यात मोठी होती. १९१२मध्ये ती कोडाईकनालला गेली. टिळक स्मारक मंदिरात १९४४पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, हौशी लोकांनी चालवलेली. तिथे फोन करून नवशिक्यांसाठी काय चालू आहे ते विचारा, आणि घरून ऐकता येण्यासारखं काय आहे तेही. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाची, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची, कितीतरी व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. ओट्याशी उभं राहून ऐकता येतात, आणि सगळं कळलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. ‘सरस्वती’ नावाचा दीर्घिकांचा महासमूह, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा, २०१७ साली शोधून काढला तो आयुका आणि आयसर या पुण्यातल्याच दुसऱ्या विज्ञानसंस्थेच्या मंडळींनी, म्हणजे तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

वर्षातून एकदा मात्र घराबाहेर पडाच. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं आयुका सगळ्यांसाठी खुली असते. तिथे मुलांची विज्ञान शोधिका ज्या इमारतीत आहे तिचं नाव ‘पुलस्त्य’, पु. लं.च्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून झालेली, आणि पुलस्त्य हा तुमच्या त्या आठवणीत राहिलेल्या सप्तर्षींपैकी एक. गर्दी फार होते, शाळांच्या बसच्या बस येतात, तेव्हा वेळा आधी बघून सकाळी लवकर गाठा. आणि त्या दिवशी सासूबाईंजवळ कोण बसणार, हे नणंदेला आत्ताच सांगून ठेवा. फेब्रुवारीत विचारलंत तर तिची काहीतरी अडचण निघेल.